मेहविशने लिहिलेलं ‘नाही’

पिंपळगाव बसवंतला तांबोळ्यांच्या गल्लीत मेहविशचं घर आहे. घराचं दार साडेपाच फुटी. बाराव्या वर्षी तिला त्या दारातून वाकून ये-जा करावी लागायला लागली, आणि चौदाव्या वर्षापर्यंत तिची अम्मी, माजिदा, सलवारीची दुमड उसवून उसवून थकली. ‘‘अजून किती वाढशील गं?’’ ती म्हणायची आणि लगेच जीभ चावायची. पोरीला आपलीच नजर लागेल म्हणून.

उंची बापाची होती. सलाउद्दीन सहा फूट चार इंच. द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये क्रेट चढवायचं काम करायचा. गावात त्याला ‘मिनारभाई’ म्हणत. मेहविश नऊ वर्षांची असताना मार्चमधल्या एका दुपारी ती त्याचा डबा घेऊन पॅकहाऊसवर गेली. सलाउद्दीनने हातातला क्रेट खाली ठेवला, सरळ उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘पाठीत काहीतरी फाटलं गं, बेटा.’’ मग पुठ्ठ्यांच्या थप्पीवर बसला. त्याचा चेहरा चुना लावल्यासारखा पांढरा झाला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. वय सदतीस. लोक म्हणाले, अ‍ॅटॅक आला. घरच्यांनीही तेच धरलं. पुढे विचारायला ना कुणाला सुचलं, ना वेळ होता. माजिदा महिनाभरात त्याच पॅकहाऊसमध्ये कात्री घेऊन द्राक्षांचे घड साफ करायला बसली. शाहनवाज, मेहविशचा पाच वर्षांनी मोठा भाऊ, आधी क्लीनर झाला, मग अठरा पुरी होताच टेम्पो चालवायला लागला.

तालुक्याच्या शालेय स्पर्धेत मेहविश गोळाफेक करत होती तेव्हा नाशिकच्या संध्या मॅडमनी तिला हेरलं. संध्या मॅडम म्हणजे पन्नाशीच्या, बुटक्या, गळ्यात कायम शिट्टी. नाशिकला मुलींना बास्केटबॉल शिकवायच्या. त्या थेट घरी आल्या. माजिदा घुटमळली. रोज तीस किलोमीटर जायचं, यायचं, एकट्या मुलीने? त्यावर शाहनवाज म्हणाला, ‘‘जाऊ दे तिला, अम्मी. हितं दारात वाकून वाकून कुबड यील तिला.’’

मग तोच पहाटे भाजीचा टेम्पो घेऊन नाशिकला निघाला की तिला शेजारी बसवून न्यायचा. ती सरावाहून एसटीने परत येऊन शाळा गाठायची. हे चार वर्षं चाललं.

‘‘रिंगखाली उभ्या राहणाऱ्या सेंटरचं काम लोकांना दिसत नाही,’’ संध्या मॅडम सांगायच्या. ‘‘धक्के अंगावर घ्यायचे आणि जागा सोडायची नाही. चेंडू रिंगवर आपटून कुठं पडणार, ते इतरांच्या आधी तुला कळलं पाहिजे. बाकी उड्या मारणाऱ्या पोरी मला पुष्कळ मिळतात.’’ मेहविशला ते कळायचं. कसं, ते तिला सांगता यायचं नाही. सोळाव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या संघात गेली. अठराव्या वर्षी ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एकटीने रिंगवरून परतलेले एकवीस चेंडू, म्हणजे रिबाउंड, घेतले आणि पेपरात तिचा फोटो आला. एकोणिसाव्या वर्षी बंगळुरूच्या एका व्यावसायिक क्लबने तिच्याशी तीन वर्षांचा करार केला. पहिल्याच हंगामात लीगमध्ये सर्वांत जास्त ब्लॉक, म्हणजे रिंगकडे जाताना हवेतच अडवलेले चेंडू, तिच्या नावावर होते. तेव्हा तिची उंची होती सहा फूट दोन इंच. हंगाम संपला आणि भारतीय संघाच्या शिबिराचं पत्र आलं.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी वैद्यकीय तपासणीत मेहविशची पाळी होती. संघाचे डॉक्टर कुरियन हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी तिचे हात आडवे पसरायला लावले आणि टेप लावली. मग म्हणाले, ‘‘अंगठा तळहातावर दुमड. वर मूठ आवळ.’’ तिच्या अंगठ्याचं टोक मुठीच्या पलीकडून बाहेर आलं. डॉक्टरांनी ते क्षणभर पाहिलं.

‘‘घरात कुणाचा पन्नाशीच्या आत अचानक मृत्यू झालाय? आई-वडील, काका, भावंडं?’’

‘‘वडील वारलेत,’’ असं तिच्या ओठावर आलं होतं. पण आदल्याच दिवशी तिच्या खोलीतली एक मुलगी हृदयाला भोक आहे म्हणून सामान बांधून घरी गेली होती. जाताना ती दार लावून रडत होती, आणि मेहविश बाहेर उभी राहून ते ऐकत होती.

‘‘नाही,’’ मेहविश म्हणाली. ‘‘अब्बा अपघातात गेले.’’

समोरच्या फॉर्मवर तोच प्रश्न छापलेला होता. तिने स्वतःच्या हाताने ‘नाही’ लिहिलं आणि खाली सही केली.

अंगठ्याची ती तपासणी कशासाठी असते, ते त्या संध्याकाळी तिने फोनवर शोधून काढलं. मार्फन सिंड्रोम. माणूस उंच, हातपाय लांब. शरीर बांधून ठेवणारे धागेच जन्मतः कच्चे. त्यामुळे हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी वर्षानुवर्षं फुगत जाते आणि एखाद्या दिवशी, जड काही उचलताना, आतून फाटते. पाठीत कळ येते. आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला असण्याची शक्यता निम्मी. तिने तेवढंच वाचलं आणि फोन उशीखाली ठेवला. पुढचं दीड वर्ष तिने ते पान पुन्हा उघडलं नाही.

वाचलेलं पुसता थोडंच येतं? भारताकडून पहिला सामना खेळायला ती मैदानात उतरली तेव्हा राष्ट्रगीत चालू असताना तिची दोन बोटं मनगटावरच्या नाडीवर होती. त्या सामन्यात तिने चौदा गुण केले आणि अकरा रिबाउंड घेतले. मालिकेत तिला सर्वोत्तम बचावाचं बक्षीस मिळालं. गावात तिच्या नावाचा फलक लागला. फोनवर माजिदा रडत होती. मेहविश हसून बोलत होती, आणि मनात एकच चालू होतं, हाही सामना गेला, काही झालं नाही. प्रत्येक उडीनंतर जमिनीवर पाय टेकले की ती छातीत कान लावल्यासारखी ऐकायची. स्वतःचीच भीती तिला इतकी पुरत होती की निम्म्याचा तो हिशेब घरातल्या दुसऱ्या मुलालाही लागू आहे, हे तिच्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये चेन्नईला आशियाई पात्रता सामने होते. शेवटचा सामना कझाकस्तानशी, दुपारी चारला. जिंकेल तो पुढे जाणार. त्यांची सेंटर सहा फूट पाच इंचांची होती. तिला अडवणारी भारताकडे एकच मुलगी होती, मेहविश.

सकाळी साडेदहाला तिने नेहमीसारखा शाहनवाजला फोन लावला. सामन्याआधी त्याच्याशी दोन शब्द बोलायची तिची सवय होती. मागे पॅकहाऊसचा गलका ऐकू येत होता.

‘‘माल भरला का?’’

‘‘भरला. न्हावा-शेवाला चाललोय. रात्रीपर्यंत पोचेन, मॅच तेवढी मोबाईलवर वाटेत कुठं तरी थांबून बघतो.’’

‘‘आवाज का असा येतोय तुझा?’’

‘‘काय नाय गं. सकाळी क्रेट उचलला तर पाठीत असं फाटल्यागत झालं. गोळी घेतली. आता कमी हाय. तू खेळ बिनधास्त.’’ आणि त्याने फोन ठेवला.

मेहविश हॉटेलच्या खोलीत उभी होती. पुठ्ठ्यांच्या थप्पीवर बसलेला बाप तिला दिसला, आणि शाहनवाजही सहा फूट तीन इंच आहे, त्याचेही हात गुडघ्यापर्यंत येतात, हे जणू आजच कळल्यासारखं तिला कळलं.

तिने पुन्हा फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग अम्मीला लावला. माजिदा म्हणाली, ‘‘आत्ताच गेला की. पाच मिनिटं झाली असतील. का गं?’’

आता काय करायचं हे सांगू शकणारा एकच माणूस त्या हॉटेलात होता. त्याला विचारायचं म्हणजे दीड वर्षापूर्वीचं खोटं त्याच्यासमोर ठेवायचं, आणि तेही आज, सामन्याला साडेपाच तास असताना. ती जिना उतरताना थांबली. कठडा धरून उभी राहिली. क्षणभर तिच्या मनात आलंही, नुसतं दवाखान्यात जा म्हणून सांगू त्याला, बाकी कुणाला कळायची गरज काय? पण दवाखान्यात काय सांगणार? पाठ दुखते म्हणून गेलेल्या ड्रायव्हरला काय देतात, हे तिला ठाऊक होतं. गोळी देतात आणि घरी पाठवतात.

तिने डॉक्टर कुरियन यांचं दार वाजवलं.

‘‘डॉक्टर, मी फॉर्मवर खोटं लिहिलं होतं. माझे वडील अपघातात नाही गेले. सदतिसाव्या वर्षी, क्रेट उचलताना. पाठीत फाटलं म्हणाले होते. आज माझ्या भावाला तसंच झालंय आणि तो टेम्पो चालवत चाललाय.’’

डॉक्टर कुरियन खुर्चीतून उठले. चिडायला त्यांनी एक क्षणही घालवला नाही. ‘‘कधी झालं?’’

‘‘सकाळी. नक्की माहीत नाही.’’

‘‘त्याला थांबव. आधी थांबव. त्याने पुढे एक मैलही चालवायचं नाही, काही उचलायचं नाही. आडवं झोपवून थेट हृदयरोगाच्या मोठ्या रुग्णालयात. त्यांना सांगायचं, महाधमनी फाटल्याचा संशय आहे, वडील सदतिसाव्या वर्षी असेच गेलेत, ताबडतोब सीटी स्कॅन करा. मी बोलतो त्यांच्याशी. कोणतं शहर?’’

‘‘नाशिक.’’

शाहनवाज फोन उचलत नव्हता. गाडी चालवताना तो कधीच उचलायचा नाही. बाप गेल्यावर घर त्याच्यावरच होतं, म्हणून तो एवढा एक नियम पाळायचा. पिंपळगावहून निघालेला टेम्पो अर्ध्या तासात नाशिकला येतो आणि आडगावच्या पुढे उड्डाणपुलावर चढला की शहरात खाली उतरत नाही. तसाच पुढे इगतपुरी, मग कसारा घाट.

मेहविशने संध्या मॅडमना फोन लावला. त्या आडगावलाच राहायच्या.

‘‘मॅडम, भाईला थांबवा. हायवेवर. निळा टेम्पो, मागे पांढरी ताडपत्री. फोन उचलत नाहीये. त्याच्या छातीतली नस फाटलीय, मॅडम, त्याला माहीत नाही.’’

‘‘किती वेळ आहे?’’

‘‘दहा मिनिटं. कमीच.’’

‘‘फोन चालू ठेव,’’ संध्या मॅडम म्हणाल्या.

नंतर मेहविशला फक्त आवाज ऐकू आले. स्कूटरचा, वाऱ्याचा. मग नुसते ट्रकचे हॉर्न. खिशातल्या फोनवर कापड घासल्याचा खरखर आवाज. डॉक्टर कुरियन दुसऱ्या फोनवर नाशिकच्या रुग्णालयाशी बोलत होते, शब्द एकेक करून, पुन्हा पुन्हा. सहा मिनिटं गेली. आठ. मेहविश पलंगाच्या कडेवर बसली होती आणि तिची बोटं नाडीवर नव्हती. अकराव्या मिनिटाला शिट्टी वाजली. लांबलचक, कर्कश शिट्टी, आणि मागोमाग ब्रेक करकचून लागल्याचा आवाज.

‘‘मॅडम? काय झालं? मराल ना अशा रस्त्यात!’’ शाहनवाजचा आवाज.

‘‘खाली उतर.’’

‘‘माल हाय, मॅडम, द्राक्षं हायेत, वेळेत...’’

‘‘शाहनवाज, उतर खाली. हळू. माझ्या खांद्याला धर.’’

मग संध्या मॅडम फोनवर आल्या. त्यांना धाप लागली होती. ‘‘मिळाला. घामाने भिजलाय गं. रिक्षा थांबवते, जाते घेऊन.’’

डॉक्टर कुरियन फोन ठेवून मेहविशकडे वळले. तिने मान वर केली नाही.

‘‘तू आज खेळणार नाहीस,’’ ते म्हणाले. ‘‘हे तुला कळतंय ना?’’

‘‘हो.’’

‘‘दीड वर्ष तुला मैदानात उतरवताना सही माझी होती.’’ एवढंच बोलून ते प्रशिक्षकांना सांगायला गेले.

चार वाजता मेहविश ट्रॅकसूट घालून राखीव खेळाडूंच्या बाकावर बसली. संघातल्या मुलींना एवढंच सांगितलं होतं की वैद्यकीय कारण आहे. तिच्या जागी उतरलेली मुलगी पाच फूट अकरा इंचांची, जिवाच्या कराराने खेळली आणि तिसऱ्या सत्रात पाच फाउल होऊन बाहेर आली. ती मेहविशच्या शेजारी येऊन बसली. टॉवेलखाली तोंड झाकून म्हणाली, ‘‘तू असतीस तर...’’ भारत चार गुणांनी हरला. समोरच्या सेंटरने एकोणतीस गुण केले.

तेव्हा नाशिकला शाहनवाजची छाती उघडलेली होती. स्कॅनमध्ये महाधमनीचा आतला थर हृदयाजवळच फाटलेला दिसला होता. बाहेरचा थर कसाबसा धरून होता. शस्त्रक्रिया नऊ तास चालली. मेहविश विमानाने मुंबईला आणि तिथून गाडीने पहाटे नाशिकला पोचली तेव्हा अतिदक्षता विभागाबाहेर माजिदा जमिनीवर बसली होती. शेजारी संध्या मॅडम, अजून कालच्याच ट्रॅकसूटमध्ये.

‘‘जित्ता हाय,’’ माजिदा म्हणाली. ‘‘डॉक्टर बोलले, आता शुद्धीवर यील.’’ मग तिने लेकीकडे नीट पाहिलं. ‘‘तुला कसं कळलं गं?’’

मेहविशने तिथेच, तिच्यासमोर उकिडवं बसून सगळं सांगितलं. फॉर्म, अंगठा, फोनवर वाचलेलं, सगळं. माजिदा ऐकत राहिली.

‘‘दीड साल माहीत होतं तुला?’’

‘‘हो, अम्मी.’’

‘‘आणि तो रोज क्रेट उचलत होता.’’

माजिदाने तोंड भिंतीकडे फिरवलं. दुपारपर्यंत ती तिच्याशी बोलली नाही. दुपारी तिने डब्यातली भाकरी मोडून अर्धी लेकीपुढे सरकवली.

शाहनवाज शुद्धीवर आल्यावर त्याने पहिल्यांदा द्राक्षांचं काय झालं ते विचारलं. दुसऱ्या ड्रायव्हरने नेली होती. मग मॅचचं विचारलं. खोटं न लिहिण्याची बुद्धी तुला आधी का झाली नाही, असं त्याने कधीच विचारलं नाही, आणि मेहविशला ते विचारलं असतं तर बरं झालं असतं असं वाटत राहिलं.

पुढचे दिवस तिला त्या हायवेवरच्या अकरा मिनिटांइतकेच कठीण गेले. माहिती लपवली म्हणून तिच्यावर सहा महिन्यांची बंदी आली. चौकशीत तिने एकही सबब सांगितली नाही. क्लबने करार थांबवून ठेवला. रिपोर्ट येईपर्यंत चेंडूला हात लावायचा नाही. शाहनवाजच्या रक्तातून जनुकातला दोष नेमका कुठे आहे ते आधी सापडायला हवं होतं, मग तोच दोष तिच्यात आहे का ते बघायचं. सगळं मिळून नऊ आठवडे. तिच्या हृदयाची सोनोग्राफी ठीक होती, या आजारात सरकतात ती डोळ्यांची भिंगंही जागेवर होती, पण डॉक्टर म्हणाले, आज ठीक दिसतं म्हणजे उद्याची हमी नाही.

ती घरीच होती. सकाळी भावाला धरून गल्लीच्या टोकापर्यंत चालवायची, त्याच्या जखमेची पट्टी बदलायची. लोक विचारायचे, ‘‘सुट्टी का?’’ ती हो म्हणायची. मे महिन्याच्या शेवटी नाशिकहून फोन आला. संध्या मॅडम तिच्यासोबत गेल्या. डॉक्टरीणबाईंनी कागद वळवून तिच्यासमोर ठेवला आणि बोटाने एक ओळ दाखवली. दोष आढळला नाही.

‘‘म्हणजे?’’ मेहविशने विचारलं.

‘‘म्हणजे भावाला आहे ते तुम्हाला नाही. तुम्ही नुसत्याच उंच आहात.’’

संध्या मॅडम खुर्चीत मागे टेकल्या आणि चष्मा काढून पुसत बसल्या. मेहविशने हिशेब लावला. त्या दिवशी शिबिरात खरं सांगितलं असतं तर दोन महिने गेले असते, तिची जागा गेली नसती, आणि शाहनवाजचं दुखणं फाटायच्या आधी सापडलं असतं. तिने रिपोर्टची घडी घातली. तिला आनंद झाला होता, पण तो जिना उतरेपर्यंतच टिकला.

बंदी सप्टेंबरमध्ये संपली. निवड चाचणीत तिला पुन्हा पहिल्यापासून उभं राहावं लागलं. डॉक्टर कुरियन यांनी तिला तपासलं, सगळे कागद दोनदा वाचले, सही केली. बोलले मात्र कामापुरतंच. नोव्हेंबरमध्ये ती भारताकडून पुन्हा खेळली, राखीव म्हणून, तेरा मिनिटं. त्यात नऊ रिबाउंड घेतले. शाहनवाज आता टेम्पो चालवत नाही. पॅकहाऊसच्या वजनकाट्यावर बसतो, रोज गोळ्या घेतो आणि काहीही उचलायचं म्हटलं की बायकांना हाक मारतो, यावरून बायका त्याची भरपूर चेष्टा करतात.

डिसेंबरमध्ये मेहविशने आणि संध्या मॅडमनी नाशिकला जिल्ह्यातल्या सगळ्या उंच खेळाडू मुलामुलींची हृदयतपासणी ठेवली. सायखेडा, चांदवड, पेठ, सुरगाणा, सगळीकडून मिळून त्रेचाळीस जण आले. बेचाळीस निर्धोक निघाले. एक मुलगी, चांदवडची, चौदा वर्षांची, तृप्ती तिचं नाव, तिची महाधमनी फुगलेली निघाली. तृप्ती संध्या मॅडमची सध्याची सगळ्यात चांगली सेंटर होती.

आता खेळणं बंद, हे तिला सांगायचं काम मेहविशने स्वतःकडे घेतलं. मैदानाच्या कडेला दोघी बसल्या. तृप्तीने सगळं ऐकून घेतलं आणि मग तिचा चेहरा लाल झाला.

‘‘तुम्ही खेळता ना?’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही तर सांगितलंच नव्हतं. तरी खेळल्या ना इंडियाकडून?’’

‘‘खेळले.’’

‘‘मग मी पण नसतं सांगितलं. तुम्ही कशाला तपासणी ठेवली?’’

मेहविशकडे यावर सांगण्यासारखं खूप होतं, पण त्या मुलीला त्यातलं काहीच नको होतं. तृप्तीने बूट काढले, पिशवीत कोंबले आणि अनवाणीच वडिलांच्या मोटारसायकलकडे निघून गेली.

औषधं वेळेवर चालू झाल्यामुळे तृप्तीची तब्येत चांगली आहे. दोन महिन्यांनी ती पुन्हा मैदानावर यायला लागली. संध्या मॅडमनी तिला गुण नोंदवायच्या टेबलावर बसवलं. नियम तिला पंचांपेक्षा जास्त पाठ आहेत. मेहविश नाशिकला आली की टेबलापाशी जाऊन तिची चौकशी करते. तृप्ती वहीतून मान वर न काढता ‘बरी आहे’ म्हणते आणि लिहीत राहते. मेहविश थोडा वेळ तिथेच उभी राहते, मग सरावाला जाते.